बाटलीवरचं गाव

वस्तू हातात आली की म्हातारी माकसुन आधी ती उलटी करून बघायची. भाव नंतर, आधी गाव. तीळ असोत, टोफू असो, की पाठ घासायचं फडकं. कोरियातच झालेलं असेल तरच टोपलीत जायचं. उइसंगच्या बाजारात वाण्यानं एकदा विचारलंच, "आजी, नवराही उलटा करून पाहिला होतात का?"

"पाहिला होता. दोन डोंगरांपलीकडचा निघाला, तरी चालवून घेतला."

मुलानं मात्र सून आणली ती थेट व्हिएतनामची. तुएत गुणी, कामाला वाघ, पण जेवायला बसली की चिमणीएवढं खायची. माकसुनला ते डाचायचं. तरी तुएतनं एकदा आपल्याकडचा मासळीचा खारा रस विकत आणला, तेव्हा बाटलीवरचं गाव वाचून माकसुननंच तो परत करायला लावला होता.

थंडीच्या तोंडाशी शेजारणी जमल्या आणि वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घातली गेली. तिखटात मासळीचा रस माकसुननं स्वतः ओतला. बाटलीवरचं नाव वाचलं, वास कुठला घ्यायला! शेजारची जोमरे पान चाखून म्हणाली, यंदा चव काही औरच आलीय. माकसुन फुशारली, देशी ते देशी, त्याला तोड नाही.

तुएतनं हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"आई, त्या एका बाटलीत आमच्याकडचा रस होता. तुमची रिकामी झालेली धुऊन मीच भरून ठेवला होता."

जोमरेला हसू आवरेना. माकसुननं एक पान तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"म्हणजे इतके दिवस लपवून खात होतीस?"

तुएतनं होकारार्थी मान हलवली. किमची गेली खड्ड्यात, पण आपल्याच घरात पोरीला चोरून घास खावा लागतो, यानं माकसुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बाजाराला तिनं वाण्याकडून एक बाटली घेतली, सवयीनं उलटी केली, वाचली आणि टोपलीत ठेवली. वाणी धावतच आला.

"आजी, चुकून घेतलीत. परदेशी आहे ती."

"परदेशी कसली?" माकसुन म्हणाली. "सुनेच्या माहेरची आहे."