मार्शमेलोच्या वड्यांचा नैवेद्य

लेकीला परदेशात पानगळीच्या दिवसांत करतात तशा मसाल्याच्या चवीच्या मार्शमेलो वड्या हव्या होत्या. चेन्नईत कसली आलीय पानगळ, इथे घाम तेवढा गळतो! तरी मी लोण्यात मार्शमेलो वितळवले, दालचिनी-जायफळ घातलं, तांदळाचं कुरकुरीत सीरियल मिसळून वड्या थापल्या. पहिली वडी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे देवापुढे ठेवली. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, मार्शमेलोत जनावरांच्या हाडांचं जिलेटिन असतं ना?"

हे आधी सांगायला काय झालं होतं! आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. मी कचऱ्याचा डबा फरशीवर उपडा करून चिकट पाकीट शोधलं. त्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका दिसला, तशी तिथेच फतकल मारून बसले.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "देवापुढे पाणी ठेव गं. टाळूला चिकटलं असेल."