काजलला न दिलेला निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते माझं मलाही नीट ठाऊक नाही.

घोडेगावजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. दरवर्षी नाट्यस्पर्धेला मुलं घेऊन जायचे आणि हात हलवत परत यायचे. त्या वर्षी आठवीत काजल होती. डोंगरातल्या वाडीवरून एसटीनं यायची. खो-खोशिवाय तिला दुसरं काही सुचायचं नाही. आवाज मात्र असा, की मैदानातून थेट वर्गात ऐकू यावा! मला ती नाटकात हवी होती.

पण अशा पोरीला नाटक कुठलं द्यायचं? आधी राजकन्येचं दिलं. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाई, ही नुसती बसूनच ऱ्हाती. मला नाय जमायचं." खरंच होतं तिचं. मग कितीतरी नाटकं चाळली आणि शेवटी स्वतःच एक लिहिलं — मैदानासाठी भांडणाऱ्या मुलींचं. त्यात काजल पळता पळता बोलायची. तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. इथवर मी बरी बाई होते — निदान मला तसं वाटतं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी खेळाच्या सरांचा फोन आला. ते सामन्यांसाठी बाहेरगावी होते. जिल्ह्याच्या संघाची निवड शनिवारी जुन्नरला आहे, काजलला तेवढं सांगा. शनिवारी — म्हणजे नाटकाच्याच दिवशी. "सांगते," मी म्हणाले. काजल समोरच बुटाची नाडी बांधत होती. सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी तिला शेवटच्या प्रवेशाची तालीम करायला लावली.

नाटक पहिलं आलं. काजलला अभिनयाचं बक्षीस मिळालं. सोमवारी तिला निवडीचं कळलं, तशी ती धावत माझ्याकडे आली. "बाई, सरांनी तुमाला काय सांगितलं व्हतं का?"

"नाही गं."

सरांना मी म्हटलं, फोन तुटत होता, नीट ऐकू आलं नाही. भला माणूस! त्यांनी काजलला सांगितलं, "चूक माझीच, मीच नीट निरोप दिला नाही." ती त्यांच्याशी बोलायची थांबली. पुढच्या वर्षी त्या वयोगटात तिला खेळताच येणार नव्हतं. हळूहळू मैदानही सुटलं.

मला नाटक जिंकायचं होतं. बाकी काही कारण नव्हतं.

मध्ये ती एसटी स्टँडवर भेटली, कडेवर लेक होती. म्हणाली, "तुमी माझ्यासाठी नाटक लिवलं, बाई. त्या सरांनी मात्र लई वाईट केलं." मी काय केलं? लेकीचं नाव विचारलं.

सर यंदा वारले. शोकसभेत मी त्यांच्याविषयी बोलले, लोकांनी डोळे पुसले. काजल आली नव्हती.