बार्बांच्या टाकीतला फायटर

सदर व्यक्ती स्त्री असून वय सत्तरीच्या अलीकडे, बांधा सडपातळ, चालणे आवाज न करता. ओळखीची खूण : किल्ल्यांचा जुडगा जमा करून बरीच वर्षे लोटली, तरी उजवा हात कमरेशी जातो आणि रिकामा परत येतो. पूर्वीचा व्यवसाय : मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. सध्याचा व्यवसाय : मुलाची आई. मुक्काम : मुलाच्या फ्लॅटमधील मागची खोली, मुदत नमूद नाही. सोबत आणलेले सजीव : मासा, एक, निळा.

मुदत नमूद नाही, हेच रेक्टरबाईंचं दुखणं होतं. त्यांची भाड्याची खोली मालकाने विकायला काढली, तेव्हा मुलगा टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, "आई, आता आमच्याकडेच." 'आता' म्हणजे किती दिवस, हे त्याने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. विचारलं की लोक उत्तर देतात. दुसरीकडे जायला जागा नव्हती, त्यामुळे उत्तर न आलेलंच बरं.

एकेकाळी यांच्या चाहुलीने वसतिगृहातले दिवे मालवले जात. कोणती मुलगी कोणाच्या खोलीत राहणार, हे त्या ठरवत. घोरणारीला गाढ झोपणारीजवळ द्यायचं, रडणारीला बडबडीजवळ. अंदाज चुकला की एखादी मुलगी तक्रार घेऊन यायची, आणि तक्रारीवर बाईंचा नियम ठरलेला होता : तक्रार करील तिची खोली बदलायची. छळणारी आपल्या जागी रुळलेली असे, तिला कोण हलवणार? छळ सोसणारी गादी उचलून चालू लागे. कारभाराला हे सोपं पडायचं. या नियमात काही खोट आहे, असं बाईंना नोकरीत कधी वाटलं नाही. स्वतः दुसऱ्याच्या घरी राहायला आल्यावर मात्र लगेच वाटलं.

म्हणून त्यांनी ठरवलं, इथे तक्रार करायची नाही. चहा अगोड झाला तर चहा अगोडच असतो. पंखा रात्रभर कुरकुरला तर निदान तो तरी कुरकुरतोय, असं म्हणून कूस बदलायची.

त्यांचा मासा फायटर जातीचा होता. लांब, झालरीसारख्या शेपटीचा, मोठ्या बरणीत एकटा राहणारा. मुलाच्या दिवाणखान्यात काचेची टाकी होती आणि तिच्यात तीन टायगर बार्ब मासे, अंगावर काळे पट्टे, दिसायला किरकोळ.

आठवडाही झाला नसेल. सूनबाई बरणीपाशी वाकून म्हणाली, "आई, केवढ्याशा जागेत कोंडलाय हो बिचारा. आपल्या टाकीत सोडूया? सोबत होईल त्याला."

फायटर दुसऱ्या फायटरला जिवंत ठेवत नाही, एवढं बाईंना ठाऊक होतं. परक्यांशी तो कसा वागेल, ते ठाऊक नव्हतं. पण 'नको' म्हणणं ही तक्रारच झाली.

"तुला बरं वाटेल तसं कर," त्या म्हणाल्या.

"नाव काय त्याचं, ऐकलंस ना?" मुलगा बायकोला म्हणाला. "सकाळी आमच्या तिघा बार्बांची नुसती हाडं दिसतील."

"तू गप रे. आईंचा मासा आहे, वळण असेल त्याला."

म्हणजे माशाच्या चारित्र्याची जबाबदारीही आता बाईंवर आली. मासा टाकीत सोडला गेला. दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर त्यांनी खुर्ची टाकीसमोर ओढली आणि त्या आपल्या माशाने खून करण्याची वाट पाहत बसल्या.

त्याने काहीच केलं नाही. तो आपला संथपणे, शेपटी सावरत फिरत होता. मागून एक बार्ब आला, झालरीचा तुकडा तोडून सटकला आणि काही घडलंच नाही असा चेहरा करून पोहू लागला. हा चेहरा बाईंनी वसतिगृहात पुष्कळ पाहिला होता. मग दुसरा आला. मग तिसरा. फायटर फिल्टरच्या मागे जाऊन दडला. पण फायटरला हवा घ्यायला पाण्याच्या वर यावंच लागतं. कितीही दडून बसला तरी कधीतरी त्याला निघावं लागे, आणि तो निघाला की ते तिघं जमत.

दोन-चार दिवसांत शेपटीच्या चिंध्या झाल्या. बाईंना घास जाईना. सांगायचं तर काय सांगायचं? तुझे मासे वाईट आहेत म्हणून? पुढचं सगळं त्यांना दिसत होतं : सूनबाईचा फार सभ्य झालेला चेहरा, बंद दाराआड दबक्या आवाजातलं बोलणं, आणि मग मुलाचं "आई, जरा बोलायचं होतं." हे वाक्य त्यांनी स्वतः कितीतरी मुलींना ऐकवलं होतं. त्यानंतर गादी उचलली जाते.

त्यांनी आपला एक चोरटा उपाय काढला. फायटर वर यायला निघाला की टाकीच्या दुसऱ्या टोकाला चिमूटभर खाणं टाकायचं. बार्ब तिकडे धावत, तेवढ्यात हा श्वास घेऊन खाली जाई. दिवसभर हीच ड्यूटी. बार्ब गलेलठ्ठ झाले. पाणी गढूळलं, त्याला वास येऊ लागला.

"आई, यांना कोणी जास्त खायला घालतंय का हो?" सूनबाईने विचारलं.

"मी नाही बाई."

खोटं बोलणाऱ्या मुली हात पाठीमागे घेतात, यावरून त्यांना पकडण्यात बाईंची हयात गेली होती. आपलेही हात पाठीमागे गेलेत, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. सूनबाईने हातांकडे पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. ती ओरडली असती तर बाईंना सुटल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूनबाई प्लास्टिकची फुगीर पिशवी घेऊन आली. आत पाणी, पाण्यात आणखी बार्ब.

"दुकानदार म्हणाला, बार्ब थोडे असले की दुसऱ्याला छळतात. घोळका मोठा असला की आपसांतच भांडत बसतात."

"आमच्या ऑफिससारखं," मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

तिने बांधलेली पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली. आतलं नि बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की नवे मासे सोडायचे, अशी पद्धत असते. पिशवीत पट्टे वळवळत होते. खाली फिल्टरमागे फाटक्या शेपटीचा निळा मासा होता, आणि त्याची वर यायची वेळ होत आली होती. मागची खोली, तिची खिडकी, तिच्यातला पलंग बाईंच्या डोळ्यांपुढून गेला. सोडून जायच्या खोलीकडे बघावं तसं. सूनबाईने पिशवीचं रबर काढायला घेतलं.

"सोडू नकोस!"

हा आवाज वसतिगृहातला होता. मुलाने मोबाइल खाली ठेवला आणि तो नीट बसला.

"काय झालं, आई?"

"आधी माझा मासा बाहेर काढ. खातायत ते त्याला. मरेल तो." आणि मग घाईघाईने, "तुझे मासे वाईट नाहीत गं. खाणं मीच घालत होते. खोटं बोलले मी."

सूनबाई पिशवी हातात धरून उभी राहिली. "माहीत होतं मला. शेपूटही दिसत होती. सोडला मीच ना त्याला! वाटायचं, आता तुम्ही बोलाल, मग बोलाल. म्हणून तर दुकान गाठलं. तुम्ही नुसत्या बघता हो आई. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

"मी बघते?"

"तुझ्या धाकाने ती चपला ओळीत लावते," मुलगा म्हणाला. "मलाही लावायला लावते."

फायटरला जाळीने काढून तात्पुरतं बादलीत ठेवलं. मग बाईंच्या खोलीत त्याच्यासाठी छोटी टाकी आली. मोठ्या टाकीत बार्बांचा घोळका झाला, आणि ते दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे एकमेकांच्या मागे लागले.

म्हणजे नियम पाळला गेला होता. तक्रार ज्याची, त्याचीच जागा बदलली होती. बाईंनी हे पाहिलं आणि त्या आपल्या पाळीची वाट पाहू लागल्या. सूनबाई हळू बोलू लागली होती, चहात साखर पडू लागली होती. निरोपाआधी माणसं अशीच वागतात.

सुट्टीच्या दिवशी सूनबाई दारात आली. भिंतीला शिडी टेकवलेली.

"आई, तुमची बॅग कुठे आहे?"

बाईंनी पलंगाखालून बॅग ओढली, त्या जमिनीवर बसल्या आणि कपडे घड्या करून भरू लागल्या. मग टॉवेल, मग औषधांचा डबा. मुली गादी उचलताना त्यांच्यासमोर रडत नसत. त्याही रडल्या नाहीत.

"हे काय चाललंय?"

"भरतेय."

"भरता कशाला? रिकामी द्या. पलंगाखाली झाडू जात नाही तिच्यामुळे. माळ्यावर टाकते."

बाईंनी कपडे पुन्हा बाहेर काढले. सूनबाई शिडीवर चढली आणि तिने बॅग माळ्यावर अगदी आत, रिकाम्या खोक्यांच्या मागे ढकलली.

शिडी खालच्या मजल्यावरच्यांची होती. ती संध्याकाळी परत केली.