टोकावड्याच्या थांब्यावरची काकडीवाली

मुरबाडच्या दवाखान्यात नर्स म्हणून महिनोन्‌महिने दुहेरी पाळ्या करून मी अंथरूण धरलं. बरी व्हायला टोकावड्याला बहिणीकडे राहिले. प्रार्थनासुद्धा होईना. रोज सकाळी मिटलेलं बायबल मांडीवर घेऊन एसटीच्या शेडमध्ये बसायचे.

शेजारी एक म्हातारी काकड्या विकायची. काकडीचं टोक कापून त्यानेच घासून फेस काढायची, पहिली चकती स्वतः चाखायची. कडू निघाली तर अख्खी काकडी फेकून द्यायची.

एकदा आमच्या चर्चमधल्या दोघी मला भेटायला तिथेच आल्या. "रोज किती अध्याय वाचतेस? विश्वास कमी पडला म्हणूनच आजारी पडलीस," असं ऐकवून पुढच्या गाडीने गेल्या. संतापाने मी मांडीवरचं बायबल घट्ट आवळून धरलं.

म्हातारीने सुरी आपटली.

"बाय, तुजा देव काय मुकादम हाय? आजारी मानसाची हजेरी घेतो? दमले म्हून सांग ना त्याला!"

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पण तिथेच, पुस्तक न उघडता, मी डोळे मिटले.

"प्रभू, मी दमलेय. आणि मला फार राग आलाय."

कित्येक महिन्यांतली ती माझी पहिली प्रार्थना.