खिडकीतला डबा

अपमान झाला तो माझ्या आईचा. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. कर्जत तालुक्यात, कळंबच्या बाजूच्या एका शाळेत. आई तिथं नव्हतीच. तिथं होता तिचा पितळी डबा.

मी त्या शाळेत मास्तर होतो. शाळेची एक रीत होती. सुट्टी लागायच्या दिवशी प्रत्येकानं घरचा फराळ आणायचा. सगळे डबे एका मोठ्या परातीत ओतायचे आणि मिसळायचे. कुणाची चकली, कुणाचा लाडू, काही ओळखू येऊ नये. हेडमास्तर दरसाल म्हणायचे, "आपण एक कुटुंब आहोत." मग सगळे परातीभोवती बसायचे.

मोठ्या बाई म्हणजे शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका. त्यांनी माझा डबा हसून घेतला. दोन बोटांनी, कडीला धरून. "अय्या, आईंनी किती हो कष्ट घेतले!" आणि खिडकीत ठेवला. परातीत ओतला नाही. खिडकीत ठेवला.

मला वाटलं, मागाहून ओततील. आधीच्या सालीही मला तसंच वाटलं होतं.

आमच्या घरी दिवाळी नव्हती. बुद्धाला शरण गेलो तेव्हा देव गेले, त्यांच्यामागनं सणही गेले. तरी आई शाळेपुरत्या करंज्या करायची. चुलीपुढं, धुरानं डोळे चोळत. मी म्हणायचो, "कशाला गं?" ती म्हणायची, "त्यांचं खातोस ना? मग रिकाम्या हातानं कसा जाशील रं?" डबा घरी आला की आत बोट फिरवून बघायची. "चाटूनपुसून खाल्लं बघ मास्तर लोकांनी!" मग वस्तीभर सांगत सुटायची.

त्या शनिवारी मी पाणी प्यायला व्हरांड्यात आलो. खिडकीखाली सोमीबाई बसली होती. ठाकूरवाडीची, आदिवासी. शाळा झाडायची, पाणी भरायची. तिच्या पदरात करंज्या होत्या. मांडीशी आईचा डबा.

"मास्तर, तुमच्या म्हातारीच्या हाताला चव हाय."

"तुला कुणी दिल्या?"

"बाईंनी. दरसाल देतात, खिडकीतनं. म्हणतात, घे गं सोमे, तुला पण सण हाय." ती हसली. "लय मायाळू हाय बाई."



माया! माझ्या आईचा विटाळ निस्तरायचा आणि त्याच हातानं गरिबाचा आशीर्वाद घ्यायचा. एका डब्यात दोघांचा अपमान, आणि वर नाव मायेचं. तेव्हा मला छत्री आठवली. आदल्या पावसात बाईंनी मला त्यांची छत्री दिली होती. परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या हो, तुम्हालाच." मी ती छत्री वस्तीत मिरवली होती. आई म्हणाली होती, "देवमाणूस हाय रं." आता कळलं, छत्रीची मूठ मी धरली होती, म्हणून.

मी सोमीबाईकडं डबा मागितला. ती घाबरली. "परत घेता का?"

"पदरातलं तुझं. डब्यातलं मला दे."

आत गेलो. डबा परातीत पालथा केला. हातानं मिसळला. चिवड्यात, लाडवांत, शंकरपाळ्यांत. खालवर, नीट.

चावणारी तोंडं थांबली.

"हे काय केलंत?" हेडमास्तर.

"मिसळलं, सर. इथली रीत आहे ना?"

"तसं नाही हो," बाई म्हणाल्या, "मी त्या बिचारीचा विचार केला."

"मग तिला तुमच्या चकल्या द्यायच्या होत्या," मी म्हणालो.

कुणाला घाईची गाडी आठवली, कुणाचं पोट भरलं. ड्रॉइंगच्या मास्तरांनी अर्धा खाल्लेला लाडू हळूच कागदावर ठेवला आणि हात धोतराला पुसला. एकट्या त्यांनीच नाही पुसला. सगळ्यांनीच पुसले. तेवढी भरलेली परात, आणि एकाचा हात पुढं येईना. हे कुटुंब!

मी सोमीबाईला हाक मारली, "आत ये, बस." ती उंबऱ्यावरच थांबली. "नको मास्तर, माझी नोकरी जाईल." खरं होतं तिचं. मी परात उचलली आणि उंबऱ्यावर आणून ठेवली. आम्ही दोघं तिथं बसून खाल्लं. बाकीचे कडेकडेनं, अंग चोरत, आमच्या बाजूनं सुट्टीला गेले.

घरी आईनं डब्यात बोट फिरवलं. मी तिला सगळं सांगितलं. या सालचं आणि मागचंही. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं डबा राखेनं घासायला घेतला. बराच वेळ घासला. मग म्हणाली, "पुढच्या साली मोठा डबा ने. खिडकीत मावणार नाय असा. आणि तूच ओत. आधी."

लोक मला सांगतात, बाई वाईट नव्हत्या. तुझा तास घ्यायच्या, तापात गोळ्या द्यायच्या. घ्यायच्या, द्यायच्या. वरून, तळहाताला बोट न लावता. असली माया मला नको. आमच्या कुणालाच नको.

आता तुम्ही. वाचणारे. तुमच्या शाळेत, तुमच्या कचेरीतही सुट्टी लागेल, परात मांडली जाईल. खिडकीत कुणाचा डबा ठेवलाय ते बघा. तो आणा. सगळ्यांच्या देखत परातीत ओता आणि पहिला घास त्यातला घ्या. घेता येत नसेल, तर कुटुंब म्हणू नका. परात उचला आणि घरी जा.