पाच गाठींची तार

हे सोलापूर–वैराग मोटार चालवत आणि मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. मोटारीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक मालकांनी आमच्याकडे ठेवले होते, कारण ते वाचणारी मीच होते.

एका वर्षी दिवे लावले की फ्यूज जळू लागला. बारीक तार टिकत नाही म्हणून ह्यांनी तिथे जाड तार घातली. तिसऱ्या दिवशी, गाडी उतारूंनी भरलेली असताना, स्टिअरिंगच्या चाकापुढच्या फळीमागून धूर आला. मालक म्हणाले, "बॅटरीवर पुस्तकाबाहेरचं काही जोडायचं न्हाई. परत गाडी थांबली, तर दुसरा ड्रायव्हर बघतो."

रविवारी मी पुस्तकातला तारांचा नकाशा वाचत गेले आणि हे तारा शोधत गेले. सगळ्या तारा तेलाने सारख्याच काळ्या झाल्या होत्या. शेजारच्या विणकराकडून रंगीत सूत आणून मी खुणा बांधल्या. ह्यांनी तारा पेट्रोलने पुसल्या आणि सगळे सूत लाल झाले.

"मास्तरीणबाई, रंग कच्चा निघाला की," हे हसून म्हणाले.

मग त्याच सुताला गाठी मारल्या. बॅटरीला एक, दिव्यांना दोन, भोंग्याला तीन, डायनामोला चार. दोन गाठींची तार मडगार्डपाशी घासून उघडी पडलेली सापडली. तिला फीत गुंडाळली, फ्यूज पुन्हा बारीक घातला. नोकरी राहिली.

माझे माहेर वैरागचे. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने मी तिकडे जाई. बायकांच्या बाकावर एक लहान दिवा होता, त्याखाली वाचत बसे. दिवा मालकांनी बसवला, असे ह्यांनी सांगितले होते.

यंदा माघात हे तापाने गेले. महिन्याभराने नवा ड्रायव्हर पुस्तक न्यायला आला. मी त्याला गाठींचा अर्थ सांगितला.

"आन् पाच गाठींची?" त्याने विचारले.

पाच गाठी मी मारल्या नव्हत्या.

"ती मागं बायकांच्या बाकावर जाती, बारक्या दिव्याला. मालकांना ठावं न्हाई. म्हनले, ही कुनी जोडली? काढून टाक."

मी पुस्तक त्याच्या हातात दिले. मग म्हणाले, "काढा. बॅटरीवर उगीच भार नको."

"काढतो. पर दिवा तुमास्नी आणून देऊ का, बाई?"

"आणा," मी म्हणाले. तो दिवा माझ्या टेबलावर आहे. तार जोडलेली नाही.