खाली पाणी हाय का

बायजाक्का विहिरीत उडी मारण्याआधी हसायची. मोठ्यानं, तोंड वर करून. मग नऊवारीचा कासोटा घट्ट आहे का ते दोन्ही हातांनी चाचपायची आणि थारोळ्याच्या दगडावरून सरळ खाली. मोट आमच्याकडे केव्हाच बंद झाली होती, पण मोटेचं पाणी जिथं पडायचं तो दगड विहिरीच्या काठावर तसाच होता. पन्नाशी ओलांडलेली बाई त्यावरून उडी घेते, असं आमच्या पिंपळवंडीत आलेल्या एखाद्या पाहुण्याला सांगितलं, तर तो आधी विचारायचा, "वाचली का?"

ती आमच्या भावकीतली, नात्यानं माझी वहिनी. माहेर निमगाव साव्याचं. आमच्या सगळ्यांचेच आजे मेंढ्या राखायचे. आम्ही शेतीला लागलो, तिच्या माहेरी मात्र मेंढ्या राहिल्या होत्या. लोकर कातरण्याआधी मेंढ्या धुवायच्या म्हणून ती लहानपणी पाण्यात उतरायची, तिथंच पोहायला शिकली. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. अशा बाईनं कसं राहावं याबद्दल भावकीची मतं ठरलेली होती आणि तिला ती सगळी माहीत होती. उन्हाळ्यात दुपारची भाकरी झाली, माणसं सावलीला कलंडली, की ती आमच्या विहिरीवर यायची.

"सुखाला लई काय लागत न्हाई, भावजी," ती म्हणायची. "खाली पाणी हाय का तेवढं बघून घ्यायचं. बाकी समदं सोडून द्यायचं."

एकटीनं पोहून तिचं भागेना. तिनं भावकीतल्या लेकीसुना गोळा केल्या. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, आणि काठावर ही ओरडतेय, "हात मार, मेले, पाणी काय चावतंय व्हय!" आमच्या भागात बाई आणि विहीर हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. तसं मी एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "रडत उडी मारणाऱ्या लई झाल्या. आपुन हसत मारायची."

हे ती नुसतं बोलत नव्हती. माझा चुलतभाऊ किसन, त्याची सून सुनंदा नवी नवी घरात आली होती. एका दुपारी ती विहिरीच्या काठावर एकटीच उभी दिसली. चपला काढून नीट बाजूला ठेवलेल्या. मी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या दारात होतो. तिथंच उभा राहिलो. तेवढ्यात बांधावरून बायजाक्का आली. धावली नाही, ओरडली नाही. जवळ येऊन म्हणाली, "चपला काढल्यास त्ये बरं केलंस. पण पदर आसा मोकळा ठिवून कोण पवतं? खोच आधी." सुनंदा तिच्याकडं बघत राहिली, आणि मग मटकन खाली बसून रडायला लागली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पाठीला डबा बांधला गेला. सासरी काय होत होतं ते बायजाक्कानं कधी विचारलं की नाही, मला माहीत नाही. महिन्याभरात त्या पोरीचं हसणं आमच्या घरापर्यंत ऐकू यायला लागलं.

किसनला ते रुचलं नाही. "आक्का, आमच्या सुना काय बेडक्या हायेत का?"

"बेडकी कधी बुडाल्याली आयकलीस का रं?" ती म्हणाली. किसन तिथून निघूनच गेला.

तिचे नियम दोनच. एक, पहिली उडी तिची. दुसरा, उडीच्या आधी मला विचारायचं, "भावजी, मोटार चालली का आज?" त्याचं कारण होतं. थारोळ्याच्या बरोबर खाली, सुरुंगानं न फुटलेला काळा कातळ पाण्यात होता. विहीर भरलेली असली की तो खोल राही. मोटार चालली की पाणी उतरे आणि कातळ वर येई. पाणी हिरवं, वरून काही दिसत नसे.

विहीर माझी आणि किसनची निम्मी निम्मी. एक दिवस त्याची पाळी, एक दिवस माझी. त्या दिवशी पाळी किसनची होती. तो पहाटेच नारायणगावला बाजाराला गेलेला. सकाळी लाईट आली. माझी टोमॅटोची नवी लागण माना टाकत होती. मी मोटार सुरू केली. लाईट जाईपर्यंत किसनच्या वाट्याचं पाणी माझ्या सऱ्यांत फिरवलं.

दुपारी बाया जमल्या. किसनही परत आला आणि पिशवी टाकून आंब्याखाली बसला. बायजाक्कानं विचारलं, "भावजी, मोटार चालली का आज?"

किसननं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई," मी म्हणालो.

ती वाकून बघत होती. "पाणी उतारल्यागत दिसतंय."

"ऊन बघा की, आक्का. आसल्या उन्हात पाणी काय वर चढंल व्हय?"

बाया हसल्या. तीही हसली. तेवढ्यात सुनंदा पुढं होऊन दगडावर चढली. "आक्का, आज मी पयली."  खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. किसन समोर बसला होता, एवढीच अडचण होती.

"उतर खाली," बायजाक्का म्हणाली. "माझ्या आधी कुणी न्हाई."

तिनं कासोटा चाचपला, तोंड वर केलं, हसली. आणि गेली.

आवाज रोजचा नव्हता. आधी पाणी वाजलं, मग पाण्याच्या आत आणखी काहीतरी. काठावर कुणी हललं नाही. सुनंदा मात्र पायऱ्यांवरून धडाधड उतरली आणि पाण्यात शिरली. डबा न बांधता ती पहिल्यांदाच पोहत होती. तिनं बायजाक्काची हनुवटी पाण्यावर धरून ठेवली, आम्ही दोरानं बाज खाली सोडेपर्यंत. वाट बघताना बायजाक्काचा एक हात विहिरीच्या भिंतीवर टेकला. पाण्याच्या वर भिंतीचा बराच भाग अजून ओला होता, म्हणजे पाणी आजच उतरलं होतं. तिनं तळवा त्यावरून फिरवला आणि मान वळवून वर माझ्याकडं पाहिलं. 

मोडलेला खुबा पुन्हा नीट जुळला नाही. हातात काठी आली. गाव म्हणालं, म्हातारीला मस्ती नडली. चहाच्या टपरीवर माझ्यासमोर कुणी तसं म्हटलं की मी मान हलवायचो. किसननं विहिरीभोवती बोराटीच्या काटेरी फांद्या टाकल्या. बायांचं पोहणं बंद झालं. सुनंदाचं हसणंही पुन्हा ऐकू आलं नाही.

बायजाक्का मला भेटली की एकच विचारायची, "भावजी, पाणी कुठवर हाय?" मी जाऊन बघून सांगायचो, अमुक पायरीवर. वर्षानुवर्षं हेच. तिला विहिरीची ओढ लागली असेल असं वाटून मी एकदा म्हणालो, "आक्का, आता कशाला इचारता? तुमास्नी कुठं उडी मारायचीय?"

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला न्हाई मारायची. तुमास्नी खरं सांगायची सवय लागावी, म्हून इचारते."

मी उठून घरी आलो. तरीही बोललो नाही. त्यानंतरही ती विचारत राहिली आणि मी पायरी सांगत राहिलो.

ती गेली. दशक्रियेला नदीकाठी माइकवर एका पुढाऱ्यानं सांगितलं की कै. बायजाबाई धाडसी होत्या, त्या धाडसापायीच त्यांना अपंगत्व आलं. मलाही दोन शब्द बोलायला लावलं. मी दोन शब्दच बोललो आणि खाली बसलो. घरी आल्यावर जेवण जाईना. संध्याकाळी किसनच्या ओट्यावर गेलो आणि त्याच्यासमोर, सुनंदासमोर सगळं सांगितलं.

 किसन म्हणाला, "म्हंजी पाळी माझी व्हती?" म्हणाला आणि स्वतःच शरमला. सुनंदा आत निघून गेली.

पुढच्या वैशाखात एका दुपारी मी विहिरीवर होतो. सुनंदा आली. बरोबर भावकीतल्या दोन नव्या सुना. तिनं काठीनं बोराट्या बाजूला केल्या, चपला काढल्या आणि मला विचारलं, "तात्या, मोटार चालली का आज?"

"चालली. सकाळपासून. कातळ वर आलाय. आज उडी नको."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. पुन्हा चपला घातल्या. "मग उद्या?"

"उद्या पाळी माझी हाय. मोटार लावत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी मोटारीच्या खोलीला कुलूप लावून किल्ली तिच्या हातात दिली. तिनं ती कनवटीला खोचली, पदर आवळला आणि थारोळ्यावर चढली. उडीच्या आधी ती हसली. मोठ्यानं, तोंड वर करून. मी काठाला धरून खाली पाण्याकडं बघत होतो.